टोपीतली मुंगी

लाईट गेली ते एका परीने बरंच झालं. आता ते मोबाईल उलटे करून ठेवा आणि अंधाराला डोळे सरावू द्या. आणि धाकटे, मध्येच "काका, हे खरं का" असं विचारायचं नाही. खोटंच सांगायचं असतं तर मी एखादं राजाराणीचं सांगितलं असतं, आमच्या गल्लीतल्या टोप्यांच्या दुकानाचं कशाला सांगितलं असतं?

मुंगीला तुम्ही सगळे ओळखता. माझ्या भरतकामाच्या दुकानासमोर जिन्याखाली तिचं दुकान आहे. ठेंगणी बाई, तोंडात टाचण्या धरून बोलते आणि तरी सगळं कळतं, तीच. हाताने टोप्या बनवते. फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, वाफेवर मऊ करायचं, लाकडी साच्यावर ओढून बसवायचं, वाळलं की काठ कापायचा, मग रिबीन, अस्तर, सगळं तिचं तिने. मी सांगतोय ते तिच्यावर गुदरलेलं आहे आणि तिने दुसऱ्याच दिवशी सकाळी मला सांगितलेलं आहे. मी त्यात पदरचं काही घातलेलं नाही. घालायची गरजच नव्हती.

मागच्या वर्षी, नोव्हेंबरातला दुसरा रविवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, आभाळात चांगला अर्धा चंद्र होता. दिवेलागणीला मुंगी माझ्याकडे लेबलं न्यायला आली. टोपीच्या आत, कपाळाला लागतो ना तो पट्टा, त्यावर कारागिराची खूण शिवलेली असते. तिने स्वतःसाठी खूण करायला टाकली होती. पांढऱ्या कापडावर लाल मुंगी.

"दादा, झाल्या का?"

"झाल्या. सहा पाय घालताना माझ्या मशीनची सुई दोनदा मोडली. चार पायांची चालली नसती का तुला?"

"चार पायांची म्हणजे शेळी होईल. मला मुंगीच पाहिजे."

तिने एक लेबल उचललं, दिव्यापाशी नेलं, पाय मोजले आणि पहिल्यांदाच हसली. ते हसू का महाग होतं, ते सांगतो.

दुकान मुळात उस्तादाचं. उंचापुरा माणूस, डावखुरा, हातात जादू. पण जीभ म्हणजे कातरी. ही लहान चणीची, सतत कामात, म्हणून त्यानेच हिचं नाव मुंगी पाडलं, चार गिऱ्हाइकांसमोर, हसायला. तेच नाव गावभर झालं. त्याने तिला कधी हाकही मारली नाही. शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान टेबलावर दोनदा आपटायचं. टक, टक. की हिने हातातलं टाकून उठायचं. मी समोरून रोज बघत होतो. जेवत असली तरी उठायची.

पुढे उस्तादाचा हात थरथरायला लागला. सुईत दोरा ओवेना. मग सगळ्या टोप्या हीच करायची. वाफ हिची, टाका हिचा, काठाची ती ऐटदार वळणं हिची. आणि आत खूण कुणाची? उस्तादाची. काळ्यावर सोनेरी कोंबडा. लोक टोपी घालून आरशात बघायचे आणि म्हणायचे, वा उस्ताद, वय झालं तरी हात तोच. उस्ताद मिशीत हसायचा. मुंगी मूग गिळून बसायची. मला इतका राग यायचा म्हणून सांगू, पण दुसऱ्याच्या दुकानात आपण काय बोलणार?

आता या धंद्यातली एक गंमत ऐका, गोष्ट तिच्यावरच आहे. टोपीवाल्याला स्वतःची टोपी करता येत नाही. करता येत नाही म्हणजे, माप घेता येत नाही. हात वर केले की कपाळाची कातडी ताणली जाते आणि माप चुकतं. दुसऱ्याच्या हाताने घ्यावं लागतं. आमच्या एवढ्या मोठ्या गावात डोक्याला ऊन लागणारा टोपीवाला एकटा उस्ताद. का, तर माप घ्यायच्या लायकीचं त्याला कुणी सापडलं नाही. एकदा मुंगीने भीतभीत टेप पुढे केली, तर त्याने तिचा हात झटकला. "मुंगीने हत्तीचं माप घ्यायचं नसतं." तेही गिऱ्हाईक बसलेलं असताना.

उन्हाळ्यात तो गेला. बोडक्या डोक्यानेच गेला.

वर त्याची बायको राहते, काकू. मूलबाळ नाही. काकू मुंगीला म्हणाल्या, "दुकान तू चालव गं. आत कोंबडा लाव नाहीतर कावळा लाव, मला विचारायला येऊ नको." मुंगीने उरलेले सगळे कोंबडे वर नेऊन दिले. काकूंनी त्यांच्या तुकड्यांची उशी शिवली. म्हणाल्या, "जन्मभर माझ्या कानाशी आरवले, आता मी यांच्यावर डोकं ठेवून झोपते." बाजारात कुजबुज झालीच, मुंगीला पंख फुटले म्हणून. तिने ऐकून घेतलं. पण उन्हाळ्यापासून तिच्या एकाही टोपीत खूण नव्हती. कोंबडा लावायचा नव्हता आणि स्वतःचं काही लावायला हात धजत नव्हता.

मग एक शाळेतल्या बाई आल्या. लांबलचक आजारपणातून उठलेल्या. औषधांनी डोक्यावरचे सगळे केस गेलेले. सोमवारी त्या पुन्हा वर्गावर उभ्या राहणार होत्या. त्या म्हणाल्या, "रुमाल बांधला की लोक माझी कीव करतात. मला अशी टोपी करा की लोकांनी टोपीकडे बघावं आणि गप्प बसावं." आणि वर म्हणाल्या, "तुमची खूण आहे ना आत? मला कुणाच्या हातचं घालतेय ते माहीत पाहिजे."

मुंगी घरी गेली ती ते वाक्य घेऊनच. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे लेबलं टाकली. तर असा तो रविवार. टोपी तयार होती. डाळिंबी रंगाची, काठ एका भुवईवर जरासा उतरलेला. आतला पट्टा चामड्याचा न लावता मखमलीचा लावलेला, बाईंची टाळू अजून हुळहुळी होती म्हणून. फक्त मुंगी शिवायची राहिली होती. सकाळी शाळेआधी बाई येणार.

मुंगीने दुकानाचं दार आतून लावलं. टेबलावरचा दिवा ओढून घेतला. पट्टा बाहेर उलटवला, लेबल ठेवलं आणि बारीक टाक्यांनी चारी कडा शिवल्या. दोरा दाताने तोडला. लगेच उठवेना. बघत बसली जरा. मला सांगताना म्हणाली, "दादा, घरावर पहिल्यांदा आपल्या नावाची पाटी लागल्यासारखं वाटलं." मग हात धुवायला मागच्या मोरीत गेली.

परत आली तर लेबल टेबलावर.

टोपी होती तिथेच. मुंगी टोपीत नव्हती. बाजूला पडली होती, दोरे कापलेले. तिला वाटलं, आपण शिवलंच नाही की काय, डोळ्यांवर झोप आहे. तिने टोपी उचलली आणि पट्टा उलटवला.

आत कोंबडा होता. काळ्यावर सोनेरी.

तिने सरळ जिन्याचं दार उघडलं आणि खालूनच कान दिला. काकूंचं घोरणं चालू होतं. काकू जिना उतरल्या तर साऱ्या गल्लीला कळतं, त्यांचे गुडघे वाजतात. म्हणजे काकू नव्हेत. तिने दार लावलं, टोपी दिव्याखाली धरली आणि टाके बघितले.

उजव्या हाताने शिवलं की टाका एकीकडे झुकतो. डाव्या हाताने शिवलं की दुसरीकडे. हे टाके दुसरीकडे झुकलेले होते. आणि सरळ होते. थरथर नव्हती त्यांत. उस्तादाच्या चांगल्या दिवसांतले टाके.

खोटं कशाला सांगू, म्हणाली, पाचावर धारण बसली. पळून जावं, काकूंच्या पायथ्याशी जाऊन पडावं, सकाळी बाईंना सांगावं की झालं नाही. हे सगळं तिच्या मनात आलं. कडीवर हातही गेला.

मग तिला बाईंचं ते वाक्य आठवलं. आणि डोक्यात तिडीक गेली.

ती परत स्टुलावर बसली. कातरीचं टोक घातलं, कोंबडा उसवला, खाली टाकला. मुंगी लावली. या वेळी टाके दुहेरी घातले. टोपी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि बसून राहिली.

रस्त्यावर एक स्कूटर गेली. मग काहीच नाही.

किटलीखालची शेगडी बंद होती. तरी वाफेचा वास यायला लागला. ओल्या फेल्टचा. तो वास तिच्या रोजच्या ओळखीचा. पण बंद शेगडीवर…

दिवा जरा मंदावला.

टोपीत काहीतरी सुटलं. अगदी बारीक आवाज. दोरा तुटतो तसा. मग दुसरा. तिने अंगठा लेबलावर दाबून धरला. अंगठ्याखाली टाका निघताना तिला कळला. कुणीतरी ओढत होतं. हळू. सवयीच्या हाताने.

तिने सोडलं नाही.

सुई उचलली. तिकडून टाका निघाला की इकडून घातला. तिकडून एक. इकडून एक. घाईत सुई बोटात घुसली. पुन्हा घुसली. बोटावर रक्त आलं तर तिने ते पदराला पुसलं, मखमलीला लागू दिलं नाही. किती वेळ चाललं, तिला सांगता येत नाही.

मग ते थांबलं.

आणि टेबलाच्या पलीकडून आवाज आला.

टक… टक.

…

ऊठ. त्या दोन ठोक्यांचा अर्थ तेवढाच. इतक्या वर्षांत तो हुकूम एकदाही तिने खाली पडू दिला नव्हता. तिचे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. ती अर्धी उठलीसुद्धा, म्हणाली. तिची तिलाच लाज वाटली.

ती परत बसली.

टक. टक.

"नाही," ती म्हणाली.

…

टक. टक. टेबल हादरलं. टाचण्यांची डबी कलंडली. टाचण्या घरंगळत खाली गेल्या.

"आपटा. सगळं दुकान डोक्यावर घ्या. मी उठणार नाही."

दिवा गेला. पूर्ण गेला. खिडकीतून चंद्राचा पट्टा टेबलावर पडला होता तेवढाच. पलीकडची उस्तादाची खुर्ची कुणी हलवत नसे, काकूंनीच तशी ठेवली होती. त्या खुर्चीवरची गादी…

खाली बसली. कुणीतरी टेकल्यावर बसते तशी.

मुंगी बघत राहिली. पण टोपीवरचा हात निघाला नाही. मग ती बोलली.

"उस्ताद, शिकवलंत तुम्ही. ते मी कुणापाशी नाकारलं नाही, नाकारणार नाही. पण शेवटच्या वर्षांतली एक तरी टोपी तुमची होती का? सांगा. कोंबडा तुमचा होता, टोपी माझी होती. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, तुमच्या बायकोला माहीत होतं. मी बोलले नाही, कारण तुमचा हात गेला होता आणि मला तुमची दया येत होती. आता येत नाही. आता मला राग येतोय. ही मुंगी इथून निघणार नाही. रात्रभर उसवा. मी रात्रभर शिवेन. तुम्हाला वेळ असेल तर मलाही आहे."

…

"आणि नाव तुम्हीच ठेवलंत. मला हसायला ठेवलंत. आता तेच मिरवते, बघा."

काही नाही. श्वासही नाही. नुसता तो ओल्या फेल्टचा वास.

मग चंद्राच्या उजेडात तिला टेबलावर सावली दिसली. खुर्चीत काहीच नव्हतं, आणि सावली होती. रुंद खांद्यांची. वर गोल, उघडं डोकं.

बोडकं.

मुंगी सांगत होती, तिथे भीती कुठे गेली ते कळलंच नाही. तिला वाटलं, जन्मभर दुसऱ्यांची डोकी झाकली आणि स्वतः असा गेला. कुणाच्या हाताला आपलं डोकं लागू दिलं नाही म्हणून. किती हा ताठा. तिने टोपी खाली ठेवली. गळ्यातली मापाची टेप काढली. आणि मग ती उठली. कुणी ठोकलं नव्हतं. आपली आपण उठली.

ती खुर्चीच्या मागे गेली.

"सरळ बसा," म्हणाली. "कपाळाला आठ्या घालू नका, माप चुकतं."

तिने टेप दोन्ही हातांत धरली आणि रिकाम्या खुर्चीवर, जिथे डोकं असावं तिथे, फिरवली. टेप खाली पडायला हवी होती.

पडली नाही.

गार होतं. पहाटेच्या लोखंडासारखं गार. टेप टेकली… वळली… पुढे कपाळावर आली. मागे डाव्या बाजूला एक टेंगूळ लागलं. तिथे तिने बोटाने चाचपलं, तिची सवय. हात झटकला जाईल म्हणून ती थांबली.

झटकला नाही कुणी.

"चौकोनी आहे," मुंगी म्हणाली. "मला वाटलंच होतं."

…

"करते तुमची टोपी. काळी, रुंद काठाची, तुम्हाला शोभेल अशी. पण आत मुंगी असेल. आवडली तर घाला. नाहीतर तसेच फिरा."

खुर्ची करकरली. गादी वर आली. वास कमी कमी होत गेला आणि दिवा लागला, इतका लख्ख की तिने डोळ्यांवर हात घेतला. तिने टोपीचे सैल झालेले टाके पुन्हा नीट घातले, खाली बसून टाचण्या गोळा केल्या आणि टोपी उशाशी घेऊन तिथेच आडवी झाली. खाली टाकलेला कोंबडा सकाळी केर काढताना सापडला नाही. जाऊ दे म्हणाली.

सकाळी बाई आल्या. त्यांनी आधी टोपी उलटी करून आत बघितलं, मुंगीवर बोट फिरवलं आणि मग घातली. मी माझ्या दुकानातून बघत होतो. त्या रस्त्याने अशा चालत गेल्या की भाजीवाला भाव सांगायचा विसरला. मान अशी ताठ. मुंगी दारात उभी होती, सुजलेली बोटं ओल्या फडक्यात गुंडाळून. मी विचारलं, काय झालं गं बोटांना? तेव्हा तिने हे सगळं सांगितलं. माझ्या तोंडावर जे आलं ते आलंच असणार, कारण ती म्हणाली, "दादा, विश्वास ठेवू नका. मला काही फरक पडत नाही."

आता शेवटचं ऐका. आणि कुणी जवळ सरकायचं नाही, मला उकडतं.

त्याच आठवड्यात तिने ती काळी टोपी केली. दुसऱ्या कुणाच्या साच्यावर बसेना, म्हणून सुताराकडून नवा चौकोनी साचा करून घेतला. सुतार हसला, हे डोकं की खोकं म्हणून. शनिवारी संध्याकाळी शेवटचं काम, चामड्याच्या कोऱ्या पट्ट्यावर मुंगी शिवायचं. ते तिने माझ्यासमोर, माझ्या दुकानात बसून केलं. चामडं पिवळसर, कोरं करकरीत. मुंगी लालभडक. टोपी साच्यावर ठेवली, दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली काकूंकडे दिली.

रविवारी सकाळी तिने रस्त्यापलीकडून हाक मारली. "दादा, जरा इकडे या."

टोपी होती तशीच, साच्यावर. तिने ती माझ्या हातात उलटी दिली.

आतला पट्टा काळपट पडला होता. वर्षानुवर्षं कुणीतरी रोज घातल्यावर घामाने पडतो तसा, गोल, पुढून जास्त. काठाला डाव्या बाजूने, उचलताना चिमटीत धरतात तिथे, तुकतुकी आली होती.

मी म्हणालो, हे चामडं मला कळत नाही बाई. तू आधीच जुनं लावलं असशील. तिने नुसतं लेबलाकडे बोट केलं.

ते मला कळतं. ते माझं. तो लाल धागा मी उकळत्या पाण्यातून काढून बघतो, तो रंग सोडत नाही, आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. ती मुंगी उडून उडून फिकट गुलाबी झाली होती. पार जुन्या, वापरून वापरून विरलेल्या लेबलावर दिसते तशी. मी चष्मा पुसला, उजेडात नेली, नखाने कड उचलून पाहिली.

एक टाका सैल नव्हता. सहाही पाय जागच्या जागी होते.